कोंबड्यांचा आवाज आणि शेजारी

भाऊ, आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास नको आणि फक्त अंडी हवी असतील तर कोंबडा पाळूच नका. कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते; तो लागतो पिल्लांसाठी. ठेवलाच, तर खुराड्याच्या शेजाऱ्याकडच्या बाजूला गोणपाट लावा, त्या बाजूने पहाटेचा उजेड आत कमी जाईल. आरवणं पूर्ण थांबणार नाही, ते त्याच्या अंगातल्या घड्याळावर चालतं. पण आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात खुराडं चहूबाजूंनी झाकू नका, उकाड्याने पक्षी मरतात. वरची जाळी मोकळीच हवी.

अंडी घालायच्या एकाच खोक्यासाठी कोंबड्या भांडल्या की कलकलाट होतो. चार-पाच कोंबड्यांमागे भुसा घातलेलं एक खोकं ठेवा. सकाळी ज्वारी वेळेवर टाका, म्हणजे भुकेने ओरडणार नाहीत.

शेजाऱ्यांना अधूनमधून अंडी द्या. घर माळकरी असेल तर त्यांच्या भरताच्या वांग्यांना कुजवलेलं कोंबडखत द्या.