लिस्बनच्या तीन पायऱ्या आणि मोडलेली जॉयस्टिक

प्रश्न: मी सांगलीची, वय 44, शाळेत शिक्षिका आहे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे बॅटरीवरची व्हीलचेअर वापरते. बहिणीबरोबर लिस्बनची पाच रात्रींची सहल एका ट्रॅव्हल कंपनीकडून घेतली. दोघींचे मिळून 4 लाख 80 हजार भरले. "हॉटेल पूर्ण व्हीलचेअर फ्रेंडली आहे मॅडम, निर्धास्त या," असे त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहून दिले होते. प्रत्यक्षात हॉटेल अल्फामा भागात, चढावरच्या गल्लीत. दारात तीन पायऱ्या. बाथरूमचे दार 58 सेंटिमीटर, माझी खुर्ची 62. दुसऱ्याच दिवशी पदरचे पैसे घालून सपाटीवरच्या बायशा भागात दुसरे हॉटेल घेतले. कार्यक्रमात 28 नंबरच्या ट्रामची फेरी होती, तिच्यात मला चढताच आले नाही. परतताना वाटेत एकदा विमान बदलले. मुंबईला खुर्ची हातात आली तेव्हा जॉयस्टिक तुटलेली. विमानतळावर फॉर्म भरला. दोन्ही विमान कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. ट्रॅव्हल कंपनी म्हणते, युरोपातली जुनी शहरे अशीच असतात, आम्ही फक्त मध्यस्थ आहोत आणि केस करायची तर दिल्लीतच करा. या गोष्टीला 26 दिवस झाले. मला पोर्तुगालमध्ये खटला भरावा लागेल का?

उत्तर: ताई, तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी एक मी पुन्हा पुन्हा पाहिला. बाथरूमच्या चौकटीत आडवी धरलेली शिवणकामाची टेप आणि 58 च्या आकड्यावर टेकलेला तुमच्या बहिणीचा अंगठा. एवढ्या प्रवासानंतर, आत जाता येत नाही हे कळल्यावर, तुम्ही दोघींनी टेप काढून माप घेतले. तुमची निम्मी केस या एका फोटोत आहे. तो ज्या फोनवर काढला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

पोर्तुगालला जायची गरज नाही. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करता येईल. पण आधी खुर्चीचे बोलू, कारण तिथे मुदत फार कडक आहे.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला 1999 चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारतात तो 2009 पासून अमलात आहे. तुमच्या दृष्टीने व्हीलचेअर म्हणजे तुमचे पाय, पण या कराराच्या हिशेबात सामानकक्षात गेलेली खुर्ची म्हणजे चेक-इन केलेले सामान. हे मला आजही पटत नाही, पण कायदा आज तरी तसाच आहे. सामान मोडून मिळाले तर ते हातात आल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. ती केली नाही तर, विमान कंपनीची लबाडी सिद्ध झाल्याशिवाय, दावाच करता येत नाही. पत्रात 26 दिवस वाचून मी धास्तावलो होतो. मग तुमचा विमानतळावरचा फॉर्म पाहिला. त्यावर तारीख आहे, टॅगचा नंबर आहे, "जॉयस्टिक तुटलेली" असे लिहिले आहे आणि खाली कर्मचाऱ्याची सही आहे. कर्मचाऱ्याने प्रवाशाची तक्रार कंपनीच्या संगणकात नोंदवली तरी ती लेखी तक्रार धरावी, असे युरोपीय न्यायालयाने 2018 मध्ये याच कराराचा अर्थ लावताना म्हटले आहे. तो निकाल आपल्या आयोगावर बंधनकारक नाही, तरी करार एकच असल्यामुळे तो दाखवता येतो. तुमच्याकडे तर सही केलेला कागदच आहे. जॉयस्टिकपुरती तुमची बाजू भक्कम आहे.

मेकॅनिकने नंतर दाखवलेल्या वाकलेल्या एक्सलवर मात्र वाद होईल. तो फॉर्ममध्ये नाही आणि तो दिसला नवव्या दिवशी. जॉयस्टिक आणि एक्सल एकाच आदळण्याने गेले, असे मेकॅनिकने त्याच्या लेटरहेडवर लिहून दिले तर प्रयत्न करता येईल. पण त्या पैशांवर आत्ताच हिशेब मांडू नका.

दोन विमान कंपन्यांची टोलवाटोलवी तुम्ही मनावर घ्यायची नाही. सलग प्रवासात सामानाचे नुकसान झाले तर पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि ज्या टप्प्यात नुकसान झाले ती कंपनी अशा सगळ्या प्रवाशाला संयुक्तपणे जबाबदार असतात. कुठल्या विमानतळावर कोणी खुर्ची आदळली हे शोधून काढणे तुमचे काम नाही. दोघींनाही विरुद्ध पक्ष करा, आपसात काय ते त्यांनी बघावे. तुमचे तिकीट मुंबईहून निघून मुंबईला परत येणारे होते, म्हणजे प्रवासाचे अंतिम ठिकाण मुंबईच. त्यामुळे करारानुसारही भारतात दाद मागता येते.

रक्कम मात्र मर्यादित आहे. 28 डिसेंबर 2024 पासून सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा दर प्रवाशामागे 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. रुपयांत ही रक्कम पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान जाते. जॉयस्टिकचे एस्टिमेट 68 हजारांचे आहे, ते यात बसते. लिस्बनहून निघणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघाचा 2006 चा 1107 क्रमांकाचा नियमही लागू होतो. विमानतळावर विनाशुल्क मदत आणि 48 तास आधी कळवल्यास खुर्ची मोफत नेण्याचा हक्क त्यातूनच येतो. पण भरपाई किती, हे विचारले की तोही मॉन्ट्रियल कराराकडेच बोट दाखवतो. यापुढे कधी महागडी खुर्ची घेऊन निघालात, तर चेक-इनच्या वेळी तिच्या किमतीचे विशेष घोषणापत्र लेखी द्या आणि कंपनीने मागितल्यास जादा शुल्क भरा, म्हणजे ही मर्यादा घोषित किमतीपर्यंत वाढते. काउंटरवरच्या मुलामुलींना हे बहुधा माहीत नसते, तेव्हा सुपरवायझरला बोलावून घ्या.

आता ट्रॅव्हल कंपनी. तुमच्या तक्रारीचा गाभा इथे आहे.

"जुनी शहरे अशीच असतात" या उत्तरात तथ्य आहे, आणि ते आपण मान्य करून टाकायचे. लिस्बन टेकड्यांवर वसले आहे. 1755 च्या भूकंपात नदीकाठचा बायशा भाग जमीनदोस्त झाला, तो नव्याने सरळ रस्ते आखून बांधला. अल्फामा पुष्कळसा वाचला, म्हणून तिथे जुन्या चढाच्या, पायऱ्यांच्या गल्ल्या अजून आहेत. पायाखाली चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांची फरसबंदी, घासून गुळगुळीत झालेली, पावसात निसरडी. पोर्तुगालमध्ये 2006 पासून सुगम्यतेचा कायदा आहे आणि त्यात दाराची मोकळी रुंदी किमान 77 सेंटिमीटर सांगितली आहे. पण वारशाला धक्का लागत असेल किंवा काम अवाजवी अवघड असेल तर त्याच कायद्यात सवलतही आहे. त्या हॉटेलला ती मिळालेली असू शकते. त्यामुळे हॉटेलने 58 चे दार ठेवले म्हणून आपण सांगलीत भांडायचे नाही. भांडण एवढेच: 58 चे दार आणि तीन पायऱ्या असलेले हॉटेल "पूर्ण व्हीलचेअर फ्रेंडली" म्हणून विकले. टेकडीला कोणी जबाबदार नाही, त्या वाक्याला आहे.

शिवाय तेच शहर तुमच्या खुर्चीला साजेसे दाखवता आले असते. तुम्ही स्वतः बायशात राहून चार दिवस फिरलात, हाच पुरावा. 28 नंबरवर जुन्या, उंच पायऱ्यांच्या छोट्या ट्राम धावतात, हे लिस्बनच्या कुठल्याही माहितगाराला ठाऊक असते. बेलेमकडे जाणाऱ्या 15 नंबरवर मात्र खालच्या तळाच्या लांब ट्रामही आहेत. बायशातून किल्ल्याच्या दिशेने चढ कमी करणाऱ्या सार्वजनिक लिफ्ट आहेत. हे ज्याला माहीत नाही त्याने "निर्धास्त या" असे लिहायचे नसते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 यालाच सेवेतील त्रुटी म्हणतो, आणि खोटी माहिती देऊन सेवा विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा होते. दोन्ही मुद्दे तक्रारीत वेगवेगळे मांडा.

"आम्ही फक्त मध्यस्थ" या बचावाला उत्तर तुमच्या बिलातच आहे. बिलाच्या तळाशी टीसीएसची, म्हणजे विक्रेत्याने गिऱ्हाईकाकडून गोळा करून सरकारला भरायच्या कराची, ओळ आहे, पाहिलीत का? परदेशी सहलीच्या पॅकेजवर हा कर गोळा करायची जबाबदारी प्राप्तिकर कायद्याने पॅकेजच्या विक्रेत्यावर टाकली आहे. सरकारपुढे विक्रेता म्हणून उभे राहायचे आणि गिऱ्हाईकापुढे मध्यस्थ म्हणून, हे दोन्ही एकदम कसे चालेल? तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, म्हणजे फॉर्म 26एएस, डाउनलोड करा. त्यात कंपनीचे नाव आणि रक्कम दिसेल, ती प्रत तक्रारीला जोडा. (तो कर रिटर्नमध्ये वळता करून घ्यायला विसरू नका. पुष्कळ जण विसरतात.)

दिल्लीचे कलमही टिकणारे नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागण्याचा हक्क 2019 च्या कायद्याच्या कलम 34 ने दिला आहे. बुकिंगच्या बारीक अक्षरांतल्या अटीने तो जात नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तुमची रक्कम 4 लाख 80 हजार. मुदत घटना घडल्यापासून 2 वर्षे. विमान कंपन्यांवरच्या दाव्यालाही 2 वर्षेच, पण ती मुदत करारातली आहे आणि उशीर माफ होईल या भरवशावर राहू नये. म्हणून सगळे एकाच तक्रारीत, याच वर्षी.

मागायचे काय? अल्फामाच्या हॉटेलचे पैसे, बायशाच्या हॉटेलचे बिल, ट्राम-फेरीचे पैसे, त्यामुळे कराव्या लागलेल्या टॅक्सी, खटल्याचा खर्च आणि मानसिक त्रासाची भरपाई. एक भेद पाळा: मानसिक त्रासाची मागणी ट्रॅव्हल कंपनीकडे करा. मॉन्ट्रियल करारात नुसत्या मनस्तापाला जवळपास जागा नाही, तिथे ती मागणी घुसवली की मूळ दावा पातळ होतो. पहिल्या रात्री बहिणीने आणि हॉटेलच्या माणसाने तुम्हाला खुर्चीसकट उचलून आत नेले, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकले आहे. प्रतिज्ञापत्रात ते सविस्तर लिहा. लाजण्यासारखे त्यात तुमच्याकडून काही घडलेले नाही. 2012 मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या विमानातून उतरवले गेले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 10 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तो विमानातून उतरवण्याचा प्रसंग होता आणि ती रिट याचिका होती, तेव्हा तुमची केस हुबेहूब तशी नाही. पण अपंग प्रवाशाचा सन्मान हा हक्काचा विषय आहे हे त्या निकालाने पक्के केले, तो जरूर जोडा. रक्कम मात्र बेताची मागा. पंचवीस लाख मागून बिलांचे कागद झाकोळून टाकू नका.

व्हॉट्सॲपचे संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा आणि त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र द्या. एकटे "निर्धास्त या" पुरेसे नाही. त्याच्या आधी तुम्ही खुर्चीची रुंदी 62 कळवली होती तो मेसेजही हवा. तो सापडला तर कंपनीला बोलायला फारसे उरत नाही. मग ट्रॅव्हल कंपनी आणि दोन्ही विमान कंपन्यांना 15 दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, शिवाय ईमेलने.

हॉटेलविरुद्ध घरबसल्या एक गोष्ट करता येते. पोर्तुगालमध्ये हॉटेल, उपाहारगृहे, दुकाने अशा सगळ्यांना तक्रार-वही ठेवणे सक्तीचे आहे. तिला लिव्रो दे रेक्लामासोइस म्हणतात. तिची ऑनलाइन आवृत्ती इंग्रजीतही आहे. तिथे तक्रार केली की हॉटेलला कामकाजाच्या 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यातून पैशांची अपेक्षा धरू नका. पण "आमचे हॉटेल व्हीलचेअरसाठी योग्य असल्याचे आम्ही कधीच कळवले नव्हते" असे त्यांनी लिहून दिले, तर ट्रॅव्हल कंपनीविरुद्ध याहून चांगला कागद मिळणार नाही. प्रश्न नेमका तसाच विचारा: या सहल कंपनीला तुम्ही पायऱ्यांची आणि दाराच्या मापाची माहिती दिली होती का?

राहिला तारखांचा प्रश्न. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरूनच दाखल करा. सोबत कलम 38 (6) खाली व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणीचा अर्ज द्या, आणि कारण म्हणून अपंगत्वाचे प्रमाणपत्र व आयोगाच्या इमारतीची अडचण स्पष्ट लिहा. त्याआधी बहिणीला एकदा आयोगात पाठवून दाराशी किती पायऱ्या आहेत, रॅम्प आहे का, लिफ्ट चालू आहे का, हे बघून यायला सांगा. टेप बरोबर द्या.