आधी दुसऱ्यांच्या चिजा उतरवून काढ

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझी देशकार रागातली बंदिश मिळाली. गाऊन पाहिली. शब्द गोड आहेत, पण अस्ताई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, सारखी गंधारावर येऊन बसते आणि ऐकणाऱ्याला भूप रागच ऐकू येतो. शिवाय पंडित विष्णु नारायण भातखंड्यांची संगीताची पुस्तकं परीक्षेपुरती, असं तू लिहिलंयस. ते मला अजिबात पटलं नाही. बंदिश बांधायची तर त्यांच्याकडेच जावं लागेल.

पंडितजी पेशाने वकील. जन्म १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरचा. पत्नी गेली, मुलगी गेली, पुढे वकिलीही सुटली, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी संगीताला दिलं. १९०७ च्या प्रवासात ते आपल्या नागपुरातही येऊन गेले. चीज, म्हणजे बंदिश, सहजासहजी कोणी देत नसे, त्या काळात त्यांनी घराण्याघराण्यांतून शेकडो चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत कोणालाही घेता येतील अशा ठेवल्या. स्वतःच्या रचनांवर मात्र नाव घातलं ‘चतुर’.

त्यांची लक्षणगीतं नीट बघ. रागाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, कोणता, वर्ज्य स्वर कोणते, गायची वेळ कोणती, हे सगळं शब्दांत सांगायचं आणि गायचं त्याच रागात, तालात. काही लक्षणगीतं रुक्ष आहेत, हे मीही मान्य करेन. पण जिथे साधलंय तिथे शब्द जे सांगतात तेच स्वर करून दाखवतात. हे बांधायला किती कठीण, ते स्वतः बसल्याशिवाय कळायचं नाही.

म्हणून आता नवीन काही रचू नकोस. भूप आणि देशकार, दोन्हींच्या चिजा क्रमिकमधून हाताने वहीत उतरव. मात्रा मोजून, समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) फुली, खालीचं (टाळी नसलेल्या मात्रेचं) शून्य, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखालचं टिंब, काही सोडायचं नाही. दोन्हींत मध्यम-निषाद वर्ज्य, स्वर तेच पाच. पण भूपाचा वादी गंधार, म्हणून तो पूर्वांगात, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमतो. देशकाराचा वादी धैवत, त्याचा सगळा जीव उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, कुठून उठतो, समेला कोणता स्वर येतो, हे लिहिताना आपोआप डोळ्यांत भरेल. छापील पानावरून नुसती नजर फिरवून ते व्हायचं नाही.

कागदावर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि श्वास पूर्ण उतरत नाहीत, त्यासाठी कान हवेत. वसंतराव देशपांडे सभागृहात गाणं असलं की जात जा. ताना मोजत बसू नकोस, गायक मुखड्यावर परत कसा येतो तेवढंच धर.

मग तुझ्या बंदिशीची सम धैवतावर आणून बघ. एखाददुसरा शब्द बदलावा लागेल, बदल. जमली की घेऊन ये, पण सकाळीच. देशकार सकाळचा राग, संध्याकाळी मी तो ऐकणार नाही.

तुझे
सर