पावसाळ्यात घरातल्या घरात कपडे : स्टँड की छताचं हँगर?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे : वन बीएचकेमध्ये स्टँड घ्यावा की छताला कप्पीचं हँगर लावावं, आणि दोन दिवस वाळत घालूनही कपड्यांना कुबट वास का येतो. दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो सुटला नाही तर कितीही महाग स्टँड आणलात तरी फरक पडणार नाही.

वास येतो तो कपडा ओला राहिलेल्या तासांमुळे. सूक्ष्मजीवांना तेवढा वेळ मिळतो. मशीनमधून निघालेल्या 5 किलो कपड्यांत पिळल्यानंतरही अडीच-तीन लिटर पाणी असतं आणि ते सगळं खोलीच्या हवेत जाणार असतं. म्हणून धुणं झालं की नुसतं स्पिन आणखी एकदा लावा. सुती जाड कपड्यांना सर्वात जास्त वेगावर. मशीन थांबल्यावर कपडे तासन् तास आत ठेवू नका.

वाळत घालताना दोन कपड्यांत दोन-तीन बोटं अंतर हवंच. आठ दांड्यांच्या स्टँडवर आठ टॉवेल म्हणजे आठही ओले. चादर दोन दांड्या सोडून तंबूसारखी टाका. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून दोन दांड्यांवर उघडी ठेवा; वास धरतो तो तिथला जाड पट्टाच. शर्ट हँगरला लावा.

पंखा छताचा असला तरी चालतो, पण टेबल फॅन बाजूने, कपड्यांच्या खालच्या कडेवर मारला तर जास्त चांगला. 75 वॉटचा पंखा दहा तास चालला तर पाऊण युनिट जळतं, एवढंच. खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर तीच दमट हवा फिरत राहते. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) किंवा एसीचा ड्राय मोड लावलात तर मात्र खिडक्या-दारं बंद. उघड्या खिडकीत डीह्युमिडिफायर चालवणं म्हणजे मुंबईचा पावसाळा कोरडा करायला बसणं.

आता खरेदी. जागा कमी असेल तर छताचं हँगर बरं : जमीन मोकळी राहते आणि प्रत्येक पाइप वेगळा खाली घेता येतो. पण ते स्लॅबमध्येच, अँकर फास्टनरने (काँक्रीटच्या भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) बसवा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला स्क्रू मारले तर ओल्या चादरीसकट खाली येईल. पाइपवर वजन दोन्ही बाजूंना सारखं ठेवा, नाहीतर एका बाजूची दोरी आधी झिजते. पंख्याच्या पात्यांपासून दीड-दोन फूट लांब लावा, बाही अडकते. भाड्याचं घर असेल तर स्टँडच घ्या, स्टीलच्या दांड्यांचा. रंग लावलेल्या लोखंडी दांडीचा रंग उडाला की पांढऱ्या कपड्यांवर गंजाचे डाग पडतात.

आधीच वास धरलेले सुती टॉवेल 60 अंशाच्या पाण्यात, ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं ब्लीच) घालून धुवा. रंगीत कपड्यांसाठी लेबल पाहा. सॉफ्टनर टॉवेलला अजिबात नको, त्याने टॉवेल पाणी टिपत नाही. आणि थोड्या दमट कपड्याला इस्त्री करून लगेच कपाटात घालू नका, अर्धा तास हँगरवर राहू द्या.