वाचकांचे प्रश्न : मीटिंग रूममधला लपवलेला डबा

या वेळच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आलाय. लॅपटॉपवरचं चित्र वायर न जोडता मोठ्या टीव्हीवर आणायचं आणि त्यासाठी लागणारं यंत्र कुणाला दिसता कामा नये. चार पत्रं घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण त्यांचं पॅनेल अजून उघडं आहे आणि ते बंद झालं की मग चूक सुधारायला सुताराला परत बोलवावं लागतं.

प्रश्न : नमस्कार सर, आमची सातारा जिल्ह्यात पतसंस्था आहे. नवीन इमारतीत संचालक मंडळाच्या मीटिंगसाठी हॉल केलाय, समोरच्या भिंतीला सागवानी विनियरचं पॅनेल आणि त्यावर ६५ इंची टीव्ही येणार. चेअरमन साहेबांचं म्हणणं एकही वायर नको, एकही डबा दिसायला नको, लॅपटॉप उघडला की चित्र टीव्हीवर आलं पाहिजे. आमचा वायरमन म्हणतो यंत्र फॉल्स सिलिंगच्या वर लोखंडी बॉक्समध्ये बसवू आणि तिथून १५ मीटरची एचडीएमआय वायर भिंतीतून टीव्हीला आणू, म्हणजे कुणी हात लावणार नाही. इंटिरियरवाले म्हणतात पॅनेलच्या मागेच ठेवा, वरून आम्ही पॅक करून टाकतो. ऑफिसचे लॅपटॉप सगळे विंडोजचे, दोन संचालकांकडे आयफोन आणि ऑडिटर स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतात. कुणाचं ऐकावं?

उत्तर : मॅनेजर साहेब, जसं सांगतायत तसं दोघांचंही ऐकू नका. इंटिरियरवाल्यांची जागा बरोबर आहे पण "पॅक करून टाकतो" हे त्यांना अजिबात करू देऊ नका.

पण त्याही आधी टीव्ही आल्यावर एक करा. टीव्हीच्या मेनूत स्क्रीन मिररिंग किंवा स्क्रीन शेअर असं काही असेल तर ते चालू करा, विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजचं बटण धरून के दाबा आणि बाजूला उघडणाऱ्या यादीत टीव्हीचं नाव दिसतंय का बघा. दिसलं तर तुमच्या लॅपटॉपपुरतं काम झालंच, ह्याला मिराकास्ट म्हणतात, २०१२ पासूनचं आहे आणि बऱ्याच टीव्हीत आधीच असतं. २०१९ पासून बऱ्याच कंपन्यांच्या टीव्हीत आयफोनसाठी लागणारं एअरप्लेसुद्धा येतं. दोन्ही असेल तर वेगळा डबा घ्यायचाच नाही आणि लपवायचाही प्रश्न नाही. लोक हे न तपासताच खर्च करून बसतात.

नसेल तर मग यंत्र घ्या, पण तिन्ही बोली समजणारं घ्या. आयफोनला मिराकास्ट येत नाही, त्याला एअरप्लेच लागतं. विंडोजचं नेमकं उलटं. अँड्रॉइडमध्ये सॅमसंगच्या फोनला मिराकास्ट चालतं पण गुगलच्या पिक्सेलला नाही, तो गुगल कास्ट मागतो. तुमच्याकडे आज पिक्सेल नसेल पण उद्या ऑडिटरच्या हातात असू शकतो. ऑफिससाठी म्हणून विकली जाणारी बरीच यंत्रं तिन्ही घेतात, खोक्यावर ती तिन्ही नावं वाचूनच पैसे द्या.

आता जागा. लोखंडी बॉक्स विसरा, कारण हे यंत्र रेडिओच्या लहरींवर चालतं आणि पत्रा त्या लहरी अडवतो. वायरमनला पटत नसेल तर त्याच्याच मोबाईलचं हॉटस्पॉट चालू करा, मोबाईल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि दुसरा फोन घेऊन हॉलच्या टोकाला जा, दांड्या कशा पडतात ते तो स्वतःच बघेल. सागवानी विनियर, प्लाय, जिप्सम, पीओपी ह्यातून लहरी जातात, थोड्या कमी होतात इतकंच. आरसा, ॲल्युमिनियमचं एसीपी पॅनेल, मागून फॉइल लावलेली शीट ह्यातून नीट जात नाहीत. आणि अजून एक पत्रा आपल्या लक्षातच येत नाही तो म्हणजे खुद्द टीव्ही. ६५ इंची टीव्हीच्या आत चांगला मोठा पत्रा असतो, त्याच्या बरोबर मधोमध मागे यंत्र चिकटवलं की पुढे पत्रा मागे आरसीसीची भिंत आणि यंत्र मध्ये कोंडलेलं. म्हणून ते टीव्हीच्या खालच्या कडेला आणा, कडेपासून चार बोटं आत, छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन लावून. समोरून बसलेल्या माणसाला ते दिसत नाही आणि लहरींना वाट मिळते.

गरम होण्याचं मी जरा जास्तच सांगणार आहे कारण निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात. ॲपल टीव्हीचं उदाहरण घ्या, कंपनीनेच लिहून दिलंय की तो ३५ अंशापर्यंतच्या हवेत वापरायचा. तुमच्याकडे मे महिन्यात बाहेरच त्याच्यापेक्षा जास्त असतं, आणि एसी बंद असताना फॉल्स सिलिंगच्या वरची हवा किती तापते हे वायरमनलाच विचारा. त्यात यंत्र स्वतः गरम होणार, टीव्ही गरम होणार आणि पॅनेल पॅक. मग होतं काय, पहिली वीस पंचवीस मिनिटं छान चालतं, ताळेबंद मांडायला घेतला की चित्र अडकायला लागतं आणि सगळे वायफायला शिव्या देतात. पॅनेलला खाली एक आणि वर एक अशी फट ठेवायला सांगा, टीव्हीच्या आडोशाला असली तर दिसतही नाही. आणि यंत्रासमोरचा पॅनेलचा तुकडा बिजागरीवर नाहीतर मॅग्नेटवर उघडणारा करा, खिळे मारून नको.

वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका. एचडीएमआयच्या वायरमधून थोडी वीज येते म्हणून ती पुरेल असं काहींना वाटतं, पण तिथे फक्त ५५ मिलिअँपिअरची हमी असते, त्यावर असं यंत्र चालत नाही. टीव्हीच्या साध्या यूएसबीतून ५०० म्हणजे अर्धा अँपिअर मिळतो, बऱ्याच यंत्रांना एक ते दोन अँपिअर लागतो. आणि टीव्ही बंद केला की बऱ्याचदा ती यूएसबीही बंद होते, म्हणजे प्रत्येक मीटिंगला यंत्र पहिल्यापासून सुरू व्हायची वाट बघत सगळे बसणार. पॅनेलच्या मागे वेगळा ६ अँपिअरचा सॉकेट द्या, यंत्राबरोबर आलेलाच अडॅप्टर लावा आणि त्या सॉकेटचा स्विच बाहेर दाराजवळच्या बोर्डवर आणा. हा स्विच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्र कधी ना कधी हँग होणारच, तेव्हा चेअरमनसमोर टीव्हीच्या मागे हात घालायची वेळ कुणावर यायला नको, बाहेरून बंद करून चालू केलं की झालं.

१५ मीटर वायरचं थोडक्यात, साधी तांब्याची एचडीएमआय वायर फोर-के चित्रासाठी पाच मीटरच्या आसपासच भरवशाची, त्याच्या पुढे चित्र चमचम करतं नाहीतर येतच नाही. कधी लांब न्यायची झालीच तर फायबरची एचडीएमआय घ्या, आणि तिला दिशा असते, एक टोक यंत्राचं एक टीव्हीचं, उलटी ओढली तर परत सगळी काढावी लागते. झिरी मारून पाईप टाकायचाच तर २५ एमएमचा टाकू नका, एचडीएमआयचं तोंडच वीसेक एमएम रुंद असतं, बेंडला अडकतं. ४० एमएमचा टाका आणि आत दोरी सोडून ठेवा. आणि तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो, टेबलापर्यंत एक वायर त्याच पाईपातून आणून टेबलाच्या पोटात ठेवाच. मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर बिनवायरचं जोडणं बऱ्याचदा त्यांच्या आयटीनेच बंद केलेलं असतं, तुमच्या ऑडिटरचा लॅपटॉप तसा निघाला तर ती वायरच उपयोगी पडेल.

शेवटचं, ज्या नेटवर्कवर तुमचं खात्यांचं सॉफ्टवेअर चालतं त्यावर हे यंत्र जोडू नका. नेटवर्कवाल्याला वेगळं वायफाय करायला सांगा, पण त्या वायफायवर क्लायंट आयसोलेशन (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग) चालू असेल तर एअरप्ले आणि गुगल कास्टला यंत्र सापडणारच नाही, म्हणून तेवढ्या नेटवर्कपुरतं ते बंद करायला सांगा. मिराकास्टचं तसं नाही, ते सहसा लॅपटॉप आणि यंत्र ह्यांच्यात थेट चालतं. यंत्राला नाव द्या "संचालक हॉल" आणि प्रत्येक वेळी टीव्हीवर दिसणारा पिन मागण्याची सेटिंग चालू ठेवा, नाहीतर खाली कॅश काउंटरवर बसलेल्या कुणाचा तरी मोबाईल चुकून वरच्या टीव्हीला लागेल.

प्रश्न : सर नाव छापू नका. आमच्या ऑफिसात असं यंत्र टीव्हीमागे बसवलंय आणि मला वरून सांगितलंय की ह्याच्यातून मीटिंगला आलेल्या पार्टीच्या लॅपटॉपवर काय काय आहे ते बघता येतं का, रेकॉर्ड करता येतं का ते शोध. मी आयटीला एकटाच आहे. काय सांगू?

उत्तर : दादा, स्पष्ट नाही म्हणून सांगा, आणि शक्यतो मेलवर सांगा म्हणजे तुमच्याकडे लेखी राहील. हे यंत्र फक्त घेतं. समोरच्याने स्वतः यादीतून निवडून चित्र पाठवलं तरच ते येतं आणि जेवढं तो पाठवतो तेवढंच येतं, लॅपटॉपच्या आतल्या फायली त्यातून दिसत नाहीत. टीव्हीकडे जाणारं चित्र मध्येच रेकॉर्ड करणारी यंत्रं मिळतात हे खरं, पण न सांगता ते करणं म्हणजे पाहुण्याने विश्वासाने उघडलेली गोष्ट चोरणं आहे. कुणाच्या कॉम्प्युटरमधून परवानगीशिवाय माहिती काढणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि चौकशी झाली तर ते यंत्र कुणी बसवलं हे विचारल्यावर नाव तुमचं निघेल, सांगणाऱ्याचं नाही. यंत्र भिंतीआड लपवण्यात काही गैर नाही, ते तिथे आहे हेच लोकांपासून लपवण्यात आहे. टेबलावर छोटी पाटी ठेवा, यंत्राचं नाव आणि कसं जोडायचं ते लिहून. पाहुण्यांना हेही सांगा की जोडताना डुप्लिकेट न निवडता एक्स्टेंड निवडा, मग टीव्हीवर ते जी खिडकी सरकवतील तेवढीच दिसते, सगळा डेस्कटॉप दिसत नाही, आणि नोटिफिकेशन आधीच बंद करून ठेवली की व्हॉट्सॲपचे मेसेज टीव्हीवर झळकत नाहीत.

प्रश्न : ताई म्हणा किंवा मॅडम, मी इचलकरंजीत कॉमर्सचे क्लासेस घेते. टीव्हीला मागून डोंगल लावलाय, चालतो पण माउस हलवला की बाण टीव्हीवर उशिरा हलतो आणि व्हिडिओ अडखळतो. डोंगल बदलू का?

उत्तर : ताई, इतक्यात बदलू नका. बाण थोडा मागे राहणारच, कारण लॅपटॉप चित्र दाबून लहान करतो, हवेतून पाठवतो आणि डोंगल ते परत उलगडतो, त्याला वेळ लागतो. टॅलीच्या एंट्र्या करून दाखवताना टीव्हीकडे न बघता लॅपटॉपकडे बघून माउस चालवा. अडखळणं मात्र जातं. लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडलेला असेल तर मिराकास्टसुद्धा बऱ्याचदा त्याच गर्दीत जाऊन बसतं, तिथे आजूबाजूच्या सगळ्या दुकानांचे राउटर आणि ब्लूटूथ असतं. राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर लॅपटॉप त्यावर जोडा (भारतात २०१८ मध्ये ह्या पट्ट्याचा बराच मोठा भाग विनापरवाना वापरायला खुला झालाय, आणि डोंगललाही ५ चालतं का ते बघून घ्या) आणि डोंगल टीव्हीच्या कडेला आणा. व्हिडिओ दाखवायचा असेल तर टीव्हीच्याच यूट्यूबवर लावा, मिरर करूच नका.

प्रश्न : मडगावात आमचं छोटं हॉटेल आहे, कॉन्फरन्स रूमच्या सिलिंगमध्ये प्रोजेक्टरच्या शेजारी गुगलचा जुना क्रोमकास्ट डोंगल लपवलेला आहे. त्याचं उत्पादन बंद झालं असं ऐकलं. काढून टाकू का? पाहुणे रोज वेगळे असतात.

उत्तर : उत्पादन २०२४ च्या ऑगस्टमध्ये थांबवलं हे खरं, पण म्हणून चालू असलेला बंद पडत नाही. मात्र तो दुसऱ्या पिढीचा असेल तर मार्च २०२५ मध्ये जगभरातले तसे क्रोमकास्ट आतल्या सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे एकदम अडकले होते, गुगलने नंतर अपडेट देऊन सोडवलं. लोकांकडून खोलीचं भाडं घेताय तर एवढ्या एका जुन्या यंत्रावर हॉल चालवू नका, पर्यायी वायर ठेवा. आणि राउटरमधलं यूपीएनपी (आतल्या यंत्रांसाठी इंटरनेटकडची वाट आपोआप उघडणारी सेटिंग) आजच बंद करा. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्यामुळे इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो क्रोमकास्ट बाहेरच्यांनी ताब्यात घेऊन स्वतःचा व्हिडिओ लोकांच्या टीव्हीवर लावला होता. गोव्याच्या दमट हवेत सिलिंगमधल्या जोडण्यांवर गंज चढतो, पावसाळा संपला की एकदा शिडी लावून एचडीएमआयचं तोंड आणि अडॅप्टरची पिन काढून बघा, हिरवट दिसलं तर वायर बदला.