थेलोनियस मंक पियानोवर चुकीचे सूर का वाजवतो?

तुम्ही विचारलंय, ‘मंकचा पियानो ऐकताना तो सारखा चुकतोय असं वाटतं, मग जॅझमध्ये त्याला एवढं मोठं का मानतात? त्याचं आयुष्य कसं होतं?’

मी तीस वर्षं गायकांना पेटीची साथ करतो. मंक पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही अगदी असंच वाटलं होतं. मित्राने दिलेली कॅसेट अर्धी बाजू ऐकून बंद केली होती. काही महिन्यांनी एका गायिकेबरोबर बसलो होतो. तिचा गंधार माझ्या पेटीत नव्हताच. कोमल लावला तर खाली पडत होता, शुद्ध लावला तर वर जात होता. त्या रात्री ती कॅसेट पुन्हा काढली.

पेटी हाताशी असेल तर एक करून बघा. पांढरी एकला सा धरा. आता काळी दोन आणि पांढरी तीन, म्हणजे कोमल आणि शुद्ध गंधार, एकदम दाबा. कानाला टोचेल. लगेच काळीवरचं बोट उचला आणि शुद्ध गंधार तेवढा राहू द्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये गाणाऱ्याचा गळा याच दोन गंधारांच्या मधल्या जागेत फिरतो. पियानोला मींड नाही, पेटीलाही नाही. पट्ट्यांच्या मधला तो सूर मिळत नाही म्हणून मंक त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकत्र वाजवतो. तुम्हाला चूक वाटते ती बहुतेक वेळा हीच जागा असते.

मंकचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटचा. तो लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला आलं आणि मॅनहॅटनमधल्या सॅन हुआन हिल वस्तीत राहायला लागलं. पुढची कित्येक दशकं त्याचा पत्ता तिथलाच होता. मिसरूड फुटायच्या वयात तो एका धर्मप्रचारक बाईंच्या ताफ्याबरोबर पियानो वाजवत गावोगाव हिंडला. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्याच हार्लेम वस्तीतल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये त्याला कायमचं काम मिळालं. मध्यरात्रीनंतर तिथे डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर असे तरुण वादक जमायचे आणि त्या बैठकांतून बीबॉप, म्हणजे जॅझची वेगवान नवी शैली, घडत गेली. बाकीचे सुसाट वेगाच्या मागे होते. मंक मात्र सूर कमी करत गेला. चार जागा सोडायच्या आणि पाचवीवर नेमकं पडायचं, ही त्याची रीत. ठेका मनात धरून ऐकलात तर कळेल की तो समेला कधीही चुकत नाही, फक्त तिथे पोचायचा रस्ता आपल्याला सांगत नाही.

स्वतःच्या नावाने पहिलं ध्वनिमुद्रण व्हायला १९४७ साल उजाडलं. तेव्हा तो तिशीचा होता. ब्लू नोट कंपनीच्या त्या तबकड्या फारशा खपल्या नाहीत.

आणि मग १९५१. ही हकीकत वाचताना मला अजून त्रास होतो. मंक आणि त्याचा जिवलग मित्र, पियानोवादक बड पॉवेल, एका गाडीत बसले असताना पोलिसांना हेरॉइन सापडलं. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. त्याला तुरुंग झाला आणि त्याचं कॅबरे कार्ड गेलं. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं हे कार्ड लागायचं. ते गेलं की क्लब बंद, म्हणजे रोजची मिळकत बंद. सहा वर्षं हा माणूस आपल्याच शहरातल्या क्लबांत रीतसर वाजवू शकला नाही. घर चालवलं ते बायकोने, नेलीने, नोकऱ्या करून. मंक घरी बसून चाली बांधत राहिला.

या काळातली एक गोष्ट सांगतोच. १९५६ मध्ये त्याने ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. सोबत सॉनी रॉलिन्स, मॅक्स रोच असे कसलेले लोक. चाल एकदा विलंबित, लगेच दुप्पट लयीत, परत विलंबित. पंचवीस वेळा प्रयत्न करूनही एकदाही सलग पुरी झाली नाही. शेवटी निर्मात्याने वेगवेगळ्या फेऱ्यांचे तुकडे जोडून ती तयार केली. ज्याला ‘वाजवता येत नाही’ असं लोक म्हणायचे, त्याची चाल त्या काळच्या अव्वल वादकांच्या हाती लागत नव्हती.

१९५७ मध्ये कार्ड परत मिळालं आणि फाइव्ह स्पॉट या छोट्या क्लबमध्ये मंक काही महिने वाजवत राहिला. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. कोल्ट्रेनची फिरत रंगात आली की मंक पियानो सोडून उठायचा आणि जागच्या जागी गिरक्या घेत नाचायचा. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटला. साथ कधी थांबवायची हे साथीदाराला कळावं लागतं, आणि मला त्या उठण्यात तेच दिसतं.

नंतर कीर्ती आली. २८ फेब्रुवारी १९६४ च्या ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर तो झळकला. पण मनाचा आजार वाढत गेला. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर त्याने जाहीर वाजवणं सोडलं. शेवटची वर्षं न्यू जर्सीत, त्याची मैत्रीण आणि आश्रयदाती पॅनोनिका हिच्या घरी गेली. घरात पियानो होता. तो त्याला जवळपास हात लावत नसे. १७ फेब्रुवारी १९८२ ला तो गेला. मागे सत्तरेक रचना राहिल्या आणि जॅझमध्ये त्या आजही अखंड वाजवल्या जातात.

ऐकायला सुरुवात ‘ब्लू मंक’पासून करा. चाल साधी आहे, दोन वेळा ऐकली की गुणगुणता येते. मग तो विस्तार करताना लक्ष द्या, आपल्या गायकाने मुखडा धरून ठेवावा तशी ती चाल सतत मागे जाणवत राहते. त्यानंतर ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ ऐका. १९५७ मध्ये नेली आजारी होती, शस्त्रक्रिया व्हायची होती, तेव्हा त्याने ही रचना केली. एकेका जागेसाठी तो झगडला आणि पुरी झाल्यावर तिच्यात कधी विस्तार केला नाही, जशी बांधली तशीच वाजवत राहिला.

कोल्ट्रेनबरोबरची जोडी ऐकायची असेल तर नोव्हेंबर १९५७ ची कार्नेगी हॉलची मैफल शोधा. तिच्या टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होत्या, २००५ मध्ये सापडल्या. हेडफोन लावून ऐका, आणि कोमल-शुद्धची ती टोचणी आली की या वेळी बंद करू नका.