बनावट तलवार की जर्मन बनावटीची तलवार?

प्रश्न कोथरूडच्या एका तलवारप्रेमी गृहस्थांचा आहे. युरोपातल्या मध्ययुगीन तलवारींबरहुकूम आज घडवलेल्या तलवारी ते म्यानांसकट जमवतात आणि खंडेनवमीला घरी मांडतात. यंदा त्यांनी प्रत्येक तलवारीखाली चिठ्ठी लावली. एकीवर होतं, ‘बनावट मध्ययुगीन तलवार, चामड्याची म्यान’. मेहुण्यानं ती वाचली आणि म्हणाला, “दाजी, ही चिठ्ठी काढा, नाहीतर लोक चारशेवीस म्हणतील.” तर योग्य शब्द कोणता? आणि ती म्यान की ते म्यान?

मेहुण्याचं बरोबर आहे. ‘बनावट’ हा शब्द मराठीत दोन घरचा पाहुणा आहे. नाम म्हणून तो निरुपद्रवी, म्हणजे घडण. ‘जर्मन बनावटीची तलवार’ म्हटलं की माणूस कौतुकानं पुढे होतो. तोच शब्द विशेषण होऊन आला की गडबड. बनावट नोटा, बनावट सही, बनावट दाखला. ‘बनावट जर्मन तलवार’ म्हटलं की तोच माणूस दुकानदाराचा पत्ता विचारतो. गंमत म्हणजे हा भेद व्याकरणच दाखवून देतं. नाम असताना शब्दाला ‘-ईची’ शेपूट लागतं, विशेषण असताना तो कोरडाच राहतो. त्यामुळे चिठ्ठीवर नुसतं ‘बनावट’ नको.

मग ‘नक्कल’? हा शब्द आज विनाकारण बदनाम आहे. शाळेत नक्कल म्हणजे कॉपी, गणपतीच्या कार्यक्रमात नक्कल म्हणजे पुढाऱ्याचा आवाज काढणं, आणि ‘नकली’ तर सरळ खोटं. पण तहसील कचेरीत जाऊन बघा. तिथं सातबाराची नक्कल मिळते, शिक्का मारून, फी भरून, आणि ती कोर्टात चालते. कचेरीच्या भाषेनं जुना अर्थ जपून ठेवला आहे. इतिहासाची कागदपत्रं चाळणाऱ्यांच्या बोलण्यातही तो आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, त्यामुळे आपल्याकडे हे शब्द पेठांतल्या माणसांच्याही कानावरून गेलेले असतात. मूळ कागद तो अस्सल. त्यावरून कोणी उतरवून घेतला तो नक्कल. आणि कोणीतरी मागाहून मूळ म्हणून खपवायला तयार केला, तो बनावट. नक्कल करणारा मुळाशी प्रामाणिक असतो, बनावट करणारा गिऱ्हाइकाशी अप्रामाणिक. म्हणून या तिघांत बनावट कागदाशेजारी नक्कल बसवणं हा नकलेवर अन्याय आहे.

हेच माप तलवारीला लावा. एखाद्या संग्रहालयातल्या तेराव्या शतकातल्या तलवारीची लांबी, वजन, तोल पाहून कारागिरानं २०१५ साली दुसरी घडवली आणि तसं सांगून विकली, तर ती नक्कल. तिच्याच पात्यावर आम्लानं गंज चढवून जुन्या बाजारात ‘आजोबांच्या माळ्यावर सापडली’ म्हणून मांडली, तर ती बनावट. वस्तू एकच, बदलला तो बोलणारा. आणि सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर देतात ती गुळगुळीत, चकचकीत, मुठीत खुळखुळणारी? तिला आपल्याकडे शब्द आहेच, शोभेची तलवार. शोभेच्या दारूनं जसा तोफेचा बार भरत नाहीत, तसंच तिचं.

शब्द नुसते पुस्तकातून ठरवू नयेत म्हणून मी ती तलवार बघून आलो. डेहराडूनला घडवलेली आहे. युरोपी तलवारींच्या प्रतींचं तिथं मोठं काम चालतं आणि माल परदेशी जातो. हातात घेतली तेव्हा पहिला धक्का वजनाचा. सव्वा किलोच्या आसपास. सिनेमा पाहून आपण पाच-सहा किलो धरून चाललेलो असतो. पात्याच्या मधोमध मुठीपासून निम्म्याच्या पुढेपर्यंत एक पन्हळ गेलेली. ही रक्त वाहून जायला असते, असं शेजारचे आजोबा ठासून सांगत होते. तसं नाही, पातं ताठ राहून हलकं व्हावं म्हणून ती काढतात. मुठीच्या टोकाला लोखंडी गोळा, त्यानं तोल हाताकडे येतो. म्यान म्हणजे दोन पातळ फळ्या, वरून ताणून शिवलेलं चामडं, टोकाला पितळी टोपण. तलवार आत सरकवली तर शेवटच्या बोटभर अंतरावर ती जराशी अडली आणि मग बसली. एवढं बघितल्यावर तिला ‘बनावट’ म्हणवेना.

हिच्यासाठी जुन्या दफ्तरी मराठीत एक नेमका शब्द आहे: अस्सलबरहुकूम. मुळाच्या हुकुमाप्रमाणे, म्हणजे मुळात जसं आहे तसं. आज आपण ‘हुबेहूब’ म्हणतो, पण हुबेहूब फक्त दिसण्यापुरतं असतं. शोभेची तलवारही लांबून हुबेहूब दिसते. वजन आणि तोलही मुळासारखा असेल तेव्हाच अस्सलबरहुकूम.

‘प्रतिकृती’ अर्थातच चालेल, सगळ्यांना कळेलही. शब्द चांगला जुना आहे. पाणिनीचं ‘इवे प्रतिकृतौ’ असं सूत्रच आहे, घोड्याची प्रतिकृती ती अश्वक. त्या न्यायानं तुमचा संग्रह खड्गकांचा, पण चिठ्ठीवर तसं लिहिलंत तर मेहुणा परत येईल. मात्र शब्दांचा क्रम सांभाळा. ‘मध्ययुगीन प्रतिकृती’ म्हणजे मध्ययुगात केलेली प्रतिकृती. तुम्हाला म्हणायचंय ‘मध्ययुगीन तलवारीची प्रतिकृती’.

आता म्यान. मराठीत ते नपुंसकलिंगी: ते म्यान, चामड्याचं म्यान, एका म्यानात दोन तलवारी. ‘ती म्यान’ ही हिंदीची सावली आहे. शब्द फारसी, मियान म्हणजे मध्य आणि कंबरही. आपल्या ‘दरम्यान’मध्ये तोच बसलेला आहे. संस्कृतात म्यानाला कोश म्हणतात. अमरकोशात कोशाचे अर्थ दिलेत त्यांत कळी आहे, खड्गपिधान म्हणजे तलवारीचं झाकण आहे आणि धनाचा साठाही आहे. म्हणजे शब्दकोश हेही एक म्यानच. बोलीत ‘तलवारीचं घर’ म्हटलं तरी बिघडत नाही, चष्म्याला घर असतं तसं.

तेव्हा चिठ्ठी अशी करा: ‘तेराव्या शतकातील युरोपी तलवारीची अस्सलबरहुकूम प्रतिकृती. डेहराडून बनावटीची. लाकडी म्यान, वरून चामडे.’ ‘बनावट’ शब्द सोडवत नसेल तर असा तो राहिलाही, आणि मेहुण्याला बोट ठेवायला जागा उरली नाही.