ग्रीन टी आणि केमोथेरपी

प्रश्न : आईची केमो चालू आहे. ग्रीन टीतला अर्क कॅन्सरच्या पेशी मारतो आणि निरोगी पेशी वाचवतो, असं वाचलं. कॅप्सूल आणून ठेवल्यात. देऊ का?

उत्तर : कॅप्सूल तूर्त डब्यातच राहू द्या. तुम्ही वाचलंय ते खोटं नाही, पण ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतलं आहे. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर ईजीसीजी हे ग्रीन टीतलं द्रव्य वापरून पाहिलं. कॅन्सरपेशींच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, त्याने बिघाड केला, तर निरोगी पेशींची संरक्षणयंत्रणा उलट बळकट झाली. फार सुंदर निरीक्षण! पण आईच्या रक्तात ते द्रव्य पोचतं फारच थोडं.

कॅन्सरची औषधं हाताळणारी फार्मासिस्ट म्हणून मला काळजी वेगळीच वाटते. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरच्या बोर्टेझोमिब या औषधाला हेच ईजीसीजी थेट चिकटतं आणि निकामी करतं, असं २००९ मध्ये पेशींवर आणि उंदरांवर दिसलं. म्हणजे औषधापासून कॅन्सरच वाचला! शिवाय युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते. केमोची बरीच औषधं यकृतच निपटतं, त्याच्यावर आणखी भार कशाला?

एखादा कप ग्रीन टी आवडत असेल, तर बोर्टेझोमिब नाही ना, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या. कॅप्सूलची बाटलीही त्यांना दाखवा. लेबलावरचा मिलिग्रॅमचा आकडा त्यांना लागेल.